धुकं दाट का झालं: लेयरवाल्या चित्रांसाठी खुला फॉरमॅट ठरवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन मुक्त प्रोग्रॅमचं आहे. एक रंगवण्यासाठीचा, दुसरा फोटोवर काम करण्यासाठीचा. नावं मुद्दाम देत नाही. 'रंगवायचा प्रोग्रॅम' आणि 'फोटोचा प्रोग्रॅम' एवढंच म्हणतो. मी रंगवायच्या बाजूचा. आमच्याकडचे दोघं, तिकडचे दोघं आणि दोन्ही प्रोग्रॅम रोज वापरणारी एक चित्रकार, अशा पाच जणांनी मिळून लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) असलेल्या रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या, चित्रांसाठी एक खुला फॉरमॅट ठरवायला घेतला.

गरज खरी होती. लोक चित्र आमच्याकडे रंगवायचे, रंग सुधारायला तिकडे न्यायचे आणि शेवटच्या रेषा मारायला परत आमच्याकडे आणायचे. या येण्या-जाण्यासाठी दोन्हीकडे चालणारा एकच पूल होता, तो म्हणजे पीएसडी, अडोबीच्या फोटोशॉपचा फॉरमॅट. त्याच्या रचनेची माहिती अडोबीने प्रसिद्ध केलेली आहे, त्यामुळे कोणता आकडा कुठे ठेवलाय हे कळतं. पण एखादा इफेक्ट पडद्यावर नेमका कसा काढायचा, हे फाइलच्या रचनेवरून कळत नाही. शिवाय फॉरमॅट त्यांचा, पुढे त्यात काय येणार हे तेच ठरवणार. आम्ही दोन्ही बाजू दुसऱ्याच्या घराच्या किल्लीची नक्कल बनवत बसलो होतो आणि दोघांच्या नकला एकमेकींशीही जुळत नव्हत्या.

अडचण

पहिल्या बैठकीत अडचण लिहून काढली. त्या यादीत चार गोष्टी होत्या: लेयर हरवतात, मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे) सपाट होतात, ग्रुपची रचना मोडते, मोठ्या फाइली उघडत नाहीत. चारही तक्रारी खऱ्या होत्या. पण चारही 'फाइलमध्ये काय ठेवायचं' याबद्दलच्या होत्या. फाइल उघडल्यावर चित्र *दिसेल कसं*, हा मुद्दा यादीत नव्हता. मला वाटतं सगळं प्रकरण तिथेच फिरलं. तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

मोठ्या फाइलींचा हिशोब मात्र आम्ही नीट केला होता. ६००० बाय ४००० पिक्सेलचं चित्र, प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (पारदर्शकता) असे चार आकडे, म्हणजे चार चॅनल, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एका लेयरला ९ कोटी ६० लाख बाइट. असे चाळीस लेयर झाले की न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) माल ३.८४ जीबी, आणि चॅनलला १६ बिट घेतले तर त्याच्या दुप्पट. पीएसडीला दोन जीबीची आणि प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे. तिच्यापुढे जायचं तर पीएसबी हा वेगळा प्रकार वापरावा लागतो, त्यात ३,००,००० पिक्सेलपर्यंत जाता येतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आमचाच आतला फॉरमॅट जाहीर करून टाकण्याचा. तो दहा मिनिटांत बाद झाला. कुठल्याही प्रोग्रॅमचा स्वतःचा फॉरमॅट हा बहुतेक वेळा त्याच्या मेमरीची वही असते. तो प्रोग्रॅम आतून जसा विचार करतो तशी ती लिहिलेली असते. गिंप या मुक्त चित्र-प्रोग्रॅमचा एक्ससीएफ घ्या. बर्कलीतल्या ज्या एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटीवरून हे नाव आलं, तिथे सुरू झालेल्या प्रोग्रॅमची ती वही आहे. ६४ बाय ६४ च्या टाइलही त्यात तशाच्या तशा उतरतात. गिंपसाठी ते उत्तम आहे. पण देवाणघेवाणीसाठी असं काही घ्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याने विचार करायला शिकायचं.

टिफचा विचार झाला. अनेक पानं त्यात बसतात, पण नेहमीच्या टिफमध्ये ३२ बिटांचे पत्ते असल्याने चार जीबीला तो थांबतो. शिवाय लेयर कसे मिसळायचे यासाठी सगळ्यांना मान्य असं काहीच त्यात नाही.

ओपनरास्टर आधीपासून होता. लेयरवाल्या चित्रांसाठीचाच हा खुला फॉरमॅट. २००६ साली क्रिटा या रंगवण्याच्या मुक्त प्रोग्रॅमच्या लोकांनी त्याची सुरुवात केली. मायपेंट, क्रिटा, गिंप या सगळ्यांना तो वाचता येतो. रचना ओपनडॉक्युमेंटसारखी: एक झिप, तिच्यात लेयरचा क्रम सांगणारी स्टॅक डॉट एक्सएमएल, प्रत्येक लेयरसाठी एक पीएनजी, एक छोटं थंबनेल आणि सगळे लेयर मिसळून तयार झालेलं एक एकत्रित चित्र. आम्हाला हवे असलेले मास्क आणि रंगसुधारणेचे लेयर त्याच्या मूळ आराखड्यात नव्हते. म्हणून सांगाडा तोच घ्यायचा, पण वेगळ्या नावाने, असं ठरलं. या निर्णयाकडे शेवटी परत येतो.

खरा वाद झाला तो डब्यावर, म्हणजे हे सगळं कशात भरायचं यावर: झिप की एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस)? फोटोच्या बाजूच्या प्रमुख प्रोग्रॅमरला एसक्यूलाइट हवं होतं आणि तिचे मुद्दे भक्कम होते. चाळीसपैकी एकच लेयर बदलला तर तेवढाच लिहायचा. मध्येच वीज गेली तरी आधीची अवस्था शाबूत. झिपमध्ये मात्र आतल्या फाइलींची यादी शेवटी असते, म्हणून व्यवहारात प्रत्येक सेव्हला सगळी फाइल नव्याने लिहावी लागते. आमचा मुद्दा एवढाच होता की वीस वर्षांनी आमचे दोन्ही प्रोग्रॅम नसले, तरी कुणीही झिप उघडेल, पीएनजी बाहेर काढेल, आणि चित्र नाही तरी निदान चित्राचे तुकडे हाती येतील.

या वादात तीन आठवडे गेले आणि मजा आली, हे कबूल करतो. प्रत्येकाला त्यात मत होतं, प्रत्येकाकडे मोजमापं होती. शेवटी झिप जिंकली. तिचं पारडं जड करणारी युक्ती चित्रकाराने न कळत सुचवली: "मी ज्या लेयरला हात लावला नाही तो पुन्हा का दाबता?" खरंच की. न बदललेल्या लेयरचे दाबलेले बाइट जुन्या फाइलमधून नव्या फाइलमध्ये जसेच्या तसे उचलून ठेवायचे, पीएनजी पुन्हा बनवायची नाही. सेव्हचा वेळ लेयरच्या संख्येवर नाही, बदललेल्या लेयरवर ठरू लागला.

मिसळण्याच्या गणितावर आम्ही एक दुपार खर्च केली. ब्लेंड मोडची (वरचा लेयर खालच्यात मिसळायच्या पद्धतींची) नावं वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या कॉम्पोझिटिंग आणि ब्लेंडिंगच्या दस्तऐवजातून घेतली: नॉर्मल, मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले वगैरे सोळा. यादी चिकटवली, चहा घेतला आणि उठलो.

पहिली आवृत्ती

बांधताना काही बारीक गोष्टी नीट जमल्या, त्यांतली एक सांगण्यासारखी आहे. झिपमधली पहिली फाइल 'माइमटाइप' नावाची, न दाबता ठेवलेली. आत फॉरमॅटचं नाव, बाकी काही नाही. ओपनडॉक्युमेंट आणि ईपबमध्येही हीच पद्धत आहे. का? झिपमधल्या प्रत्येक फाइलच्या आधी ३० बाइटांचं डोकं असतं, मग फाइलचं नाव. 'माइमटाइप' या शब्दात इंग्रजी आठ अक्षरं. तीस अधिक आठ, म्हणजे शून्यापासून मोजलं तर ३८व्या बाइटपासून फॉरमॅटचं नाव वाचता येतं. झिप उलगडायचीही गरज नाही.

हे जमलं असं वाटत असतानाच एकाने फाइल उलगडून आतला एक पीएनजी बदलला आणि संगणकातल्या साध्या झिप करायच्या सोयीने ती परत बांधली. त्या सोयीने फाइली वर्णक्रमाने लावल्या आणि डोक्यात जादा माहितीही टाकली. ३८व्या बाइटला भलतंच काही आलं आणि आमच्या वाचकाने फाइल नाकारली. इथे निर्णय पटकन झाला: लिहिताना नियम कडक, वाचताना सैल. माइमटाइप जागेवर नसेल तर सूचना द्यायची, पण फाइल उघडायची. कुणी हाताने फाइल दुरुस्त करू शकावं म्हणून तर झिप घेतली होती.

पीएनजी झिपमध्ये पुन्हा दाबायची नाही, हेही असंच. ती आतून डिफ्लेटने आधीच दाबलेली असते. दुसऱ्यांदा दाबून वेळ जातो, जागा वाचत नाही. आणि झिपच्या जुन्या चार जीबी आणि ६५,५३५ फाइलींच्या मर्यादेसाठी झिप६४ पहिल्या दिवसापासून सक्तीची केली.

चाचणीसाठी बारा चित्रं ठरवली. मास्क असलेलं, ग्रुपमध्ये ग्रुप असलेलं, उणे जागेवर सरकलेला लेयर असलेलं, सावल्यांसाठी मल्टिप्लाय (दोन रंगांचा गुणाकार करून गडद करणारा मोड) वापरलेलं. दोन्ही प्रोग्रॅममध्ये उघडून शेजारी शेजारी ठेवली, डोळ्यांनी पाहिली. बाराही पास. पहिली आवृत्ती जाहीर झाली.

धुकं

थोड्याच दिवसांत चित्रकाराचा निरोप आला, दोन स्क्रीनशॉट आणि एक ओळ: "लेयर सगळे आलेत, पण हे माझं चित्र नाही."

चित्र रात्रीचं होतं. जवळजवळ काळी टेकडी, तिच्यावर पांढऱ्या मऊ ब्रशने मारलेलं धुकं. आमच्याकडे ते विरळ, टेकडी आरपार दिसणारं. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये तेच धुकं दुधासारखं, टेकडी जवळजवळ बुडालेली. लेयरचे पीएनजी दोन्हीकडे बाइटला बाइट सारखे. अपारदर्शकता सारखी. मोड सारखा, नॉर्मल. फाइलमध्ये चूक नव्हती.

कारण सापडायला एक संध्याकाळ लागली. नेहमीच्या एसआरजीबी चित्रात ठेवलेला आकडा हा प्रकाशाचं सरळ माप नसतो. तो डोळ्याच्या सोयीने वाकवलेला असतो. आमचा प्रोग्रॅम लेयर मिसळताना तो वाकवलेला आकडाच वापरत होता. काळ्यावर अर्धा पांढरा म्हणजे ० आणि २५५ च्या मधला, १२८. फोटोचा प्रोग्रॅम आधी आकडे सरळ करून प्रकाशाच्या मापात आणायचा, तिथे मिसळायचा आणि मग परत वाकवायचा. तिकडे काळ्यावर अर्धा पांढरा म्हणजे अर्धा प्रकाश. परत वाकवल्यावर तो येतो १८८. एकाच फाइलमधला एकच पिक्सेल, इकडे १२८, तिकडे १८८.

मग बारा चाचण्यांत हे का दिसलं नाही? सावल्यांच्या चित्रात आम्ही मल्टिप्लाय वापरला होता. १२८ ला १२८ ने मल्टिप्लाय करा: वाकवलेल्या आकड्यांत उत्तर ६४, सरळ प्रकाशात करून परत वाकवलं तर ६१. तीनचा फरक डोळ्याला कळत नाही. मल्टिप्लायमध्ये दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. अर्धपारदर्शक नॉर्मलमध्ये ते फाकतात. आमच्या बाराही चित्रांत लेयर एक तर पूर्ण अपारदर्शक होते, नाही तर मल्टिप्लाय. मऊ ब्रशने मारलेलं पांढरं, जे प्रत्येक चित्रकार रोज वापरतो, एकाही चाचणीत नव्हतं. चाचण्या प्रोग्रॅमरांनी बनवल्या होत्या.

निर्णय: कोणाचं गणित?

इथली बैठक कडू झाली. फोटोच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: खरा प्रकाश असाच मिसळतो, आमचंच बरोबर, तुम्ही बदला. भौतिकशास्त्राच्या हिशोबाने तिचं बरोबरच होतं. चित्रकाराने मात्र वेगळाच मुद्दा काढला. तिने धुकं डोळ्यांनी पाहत, ब्रशचा दाब कमी-जास्त करत रंगवलं होतं. तिला जे दिसत होतं ते चित्र होतं. त्यामागचं गणित प्रकाशाचं आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिची जुनी सगळी चित्रं आमच्या चुकीच्या म्हणा, वेगळ्या म्हणा, गणितावर बसवलेली होती.

तीन मार्ग होते. सगळ्यांनी एकच गणित वापरायचं. फाइलने आपलं गणित सांगायचं. किंवा प्रत्येक लेयरने स्वतःचं सांगायचं. तिसऱ्याला आधार होता: गिंप २.१० मध्ये प्रत्येक लेयरला मिसळण्याची जागा वेगळी निवडता येते. पण तेवढी मोकळीक दिली तर छोटा वाचक लिहिणं कुणालाच परवडणार नाही अशी भीती वाटली. पहिल्या मार्गाने अर्ध्या लोकांची जुनी चित्रं बिघडली असती. म्हणून मधला घेतला. स्टॅकच्या मुळाशी एक सक्तीची नोंद: मिसळणं वाकवलेल्या आकड्यांत की सरळ प्रकाशात. दोन्ही प्रोग्रॅमना दोन्ही गणितं यायलाच हवीत.

याची किंमत आहे आणि ती आजही मोजतोय. एका गणिताच्या फाइलमधून उचललेला लेयर दुसऱ्या गणिताच्या फाइलमध्ये चिकटवला की तो बदललेला दिसतो. तेव्हा आम्ही फक्त सूचना दाखवतो. याहून बरं काही सुचलेलं नाही.

एकदा हे दार उघडल्यावर आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. 'सॉफ्ट लाइट' या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळी सूत्रं चालू आहेत आणि आमच्या दोन प्रोग्रॅममध्ये त्यांतली दोन होती. आणि ग्रुप. आमच्याकडे ग्रुप म्हणजे नुसती फोल्डरची सोय. आतला मल्टिप्लाय लेयर ग्रुपच्या खालच्या चित्रावर परिणाम करायचा. तिकडे ग्रुपमधले लेयर आधी आपसात, पारदर्शक पाटीवर मिसळायचे आणि मग तयार झालेला थर खाली ठेवला जायचा. पारदर्शक पाटीवर मल्टिप्लायला गुणायला खाली काहीच मिळत नाही, त्यामुळे सावलीचा करडा रंग चेहऱ्यावर चिखलासारखा बसायचा. फाइलमध्ये 'ग्रुप' एवढंच लिहिलेलं होतं. दोघांनी आपापला अर्थ प्रामाणिकपणे लावला होता.

दुसऱ्या आवृत्तीत नावांऐवजी सूत्रं लिहिली. प्रत्येक मोडसाठी समीकरण, अल्फासह, आणि हाताने पडताळता येतील अशी आकड्यांची उदाहरणं. अल्फाचं मूळ गणित नवं काही नाही. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये ते मांडलं आहे. ते आमच्या दस्तऐवजात नव्हतं, एवढंच.

'दुर्लक्ष करावं'

धुक्याचं निस्तरत असतानाच दुसरी तक्रार आली आणि ही जास्त जिव्हारी लागली, कारण हिच्यात काम बुडालं होतं. एकाने आमच्याकडे रंगसुधारणेचा लेयर लावला, फाइल तिकडे नेऊन एक डाग पुसला, सेव्ह केली, परत आणली. लेयर गायब. कुठलीही सूचना नाही.

पहिल्या आवृत्तीत वाक्य होतं: अनोळखी घटक आढळल्यास त्याकडे दुर्लक्ष करावं. आम्ही याचा अर्थ घेतला होता, पडद्यावर दाखवू नका पण जपून ठेवा. तिकडे अर्थ झाला, वाचूच नका. आणि जे वाचलं नाही ते सेव्ह करताना लिहिलं जाणारच नाही. वाक्य मीच लिहिलं होतं. मला ते इतकं स्पष्ट वाटलं होतं की दोनदा वाचण्याचीही गरज वाटली नव्हती.

याचं उत्तर पीएनजीमध्येच पडलेलं होतं. पीएनजीचा प्रत्येक तुकडा चार अक्षरी नावाचा असतो आणि त्या अक्षरांच्या लहान-मोठेपणात अर्थ भरलेला असतो. पहिलं अक्षर मोठं असेल तर तुकडा अत्यावश्यक: तो कळत नसेल तर चित्र दाखवू नका. चौथं अक्षर लहान असेल तर चित्र बदललं तरी हा तुकडा न समजता पुढे नेला तरी चालेल. म्हणजे 'न कळणं' याचे दोन वेगळे प्रश्न आहेत: याच्याशिवाय चित्र दाखवता येईल का, आणि हे न समजता पुढे नेता येईल का. आम्ही दोन्ही एका क्रियापदात कोंबले होते.

दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नव्या प्रकारच्या घटकावर या दोन खुणा सक्तीच्या झाल्या. रंगसुधारणेचा लेयर: दाखवण्यासाठी आवश्यक, नेण्यास सुरक्षित. अशी फाइल तिकडे उघडताना आता सूचना येते, आणि तो लेयर यादीत कुलूप लावलेला दिसतो. सेव्ह केल्यावर तो जागेवर असतो.

एकत्रित चित्र: साक्षीदार

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय हा, आणि तो जवळजवळ अपघाताने झाला. ओपनरास्टरकडून घेतलेलं एकत्रित चित्र आमच्या फाइलमध्ये सुरुवातीपासून होतं. ते कशासाठी, तर फोल्डरमध्ये चित्र पाहता यावं आणि लेयर न कळणाऱ्या प्रोग्रॅमलाही काहीतरी दाखवता यावं. जागा खातं म्हणून फोटोच्या बाजूला ते काढायचं होतं.

धुक्याच्या फाइलवर काम करताना तिकडच्या धाकट्या प्रोग्रॅमरने सहज म्हणून एक गोष्ट केली. फाइल उघडल्यावर आपण मिसळून काढलेलं चित्र आणि फाइलमधलं एकत्रित चित्र यांची पिक्सेलला पिक्सेल वजाबाकी केली. टेकडीच्या आकाराचा पांढरा डाग पडद्यावर उभा राहिला. लिहिणाऱ्याने पाहिलेलं चित्र त्या फाइलमध्ये होतं आणि वाचणारा ते कधी तपासतच नव्हता.

त्या दिवसापासून एकत्रित चित्राचा दर्जा बदलला. लिहिणाऱ्याला सेव्ह करताना पडद्यावर दिसत होतं तेच त्यात असलं पाहिजे. जुनं, शिळं चालणार नाही. वाचणाऱ्याने उघडताना स्वतःचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचं. ८ बिटांत चॅनलमागे दोनपर्यंतचा फरक माफ, कारण वीस-तीस लेयर मिसळताना पूर्णांकात आणण्याची चूक तेवढी साचतेच. त्याहून जास्त फरक मोठ्या भागात असेल तर वापरणाऱ्याला सांगायचं: हे चित्र लिहिणाऱ्याने पाहिलं तसं दिसत नाहीये.

लेयर खरे की एकत्रित चित्र खरं, यावर थोडी चर्चा झाली. ठरलं ते असं: काम करण्यासाठी लेयर, साक्षीसाठी एकत्रित चित्र. दोन्ही भांडले तर प्रोग्रॅमने निकाल द्यायचा नाही, माणसाला दोन्ही दाखवायची.

निष्पत्ती

दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा जाड आहे, दस्तऐवज म्हणून कंटाळवाणी आहे, आणि चालते. दोन्ही प्रोग्रॅममधली ये-जा आता पीएसडीशिवाय होते. तिसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमसाठी कुणीतरी आम्हाला न विचारता वाचक लिहिला. त्याचं सॉफ्ट लाइट चुकलं होतं. साक्षीदाराच्या सूचनेवरून ते त्यालाच कळलं आणि त्याने दुरुस्त केलं. आम्हाला ते बदलांच्या यादीत वाचून समजलं.

न जमलेलंही सांगतो. फाइली मोठ्या झाल्या आणि उघडताना ताडून पाहण्याचा वेळ लागतो; जुन्या संगणकांवर तो जाणवतो, म्हणून तपासणी मागे चालू राहते आणि सूचना उशिरा येते. फ्लोटमधले (दशांश आकड्यांत रंग ठेवणारे) लेयर अजून नाहीत. पीएनजीत चॅनलला जास्तीत जास्त १६ बिटांचे पूर्णांक बसतात. फ्लोटसाठी ओपनईएक्सआरसारखं काहीतरी आत ठेवावं लागेल आणि त्याचा निर्णय झालेला नाही. तोपर्यंत फ्लोटचं चित्र या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला गेलं की प्रोग्रॅम नकार देतो. गुपचूप १६ बिटांत कोंबत नाही. यावर वापरणाऱ्यांची कुरकुर आहे. मला नकारच बरा वाटतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

डब्याचा वाद तीन दिवसांत संपवीन. झिप किंवा एसक्यूलाइट, दोन्हींनी काम झालं असतं, आणि एकही तक्रार त्या निवडीमुळे आली नाही.

चाचणीची चित्रं पहिल्या आठवड्यात चित्रकाराकडून मागवीन, प्रोग्रॅमरांना ती बनवू देणार नाही. आणि ती डोळ्यांनी नाही, वजाबाकीने तपासीन.

वेगळ्या नावाचा निर्णय मात्र अजून टोचतो. ओपनरास्टरच्या लोकांशी आधी बोललो असतो, तर मास्क आणि सुधारणेचे लेयर त्याचाच विस्तार म्हणून मांडता आले असते आणि आमच्या फाइली पहिल्या दिवसापासून तीन-चार प्रोग्रॅममध्ये, अपुऱ्या का होईना, उघडल्या असत्या. तेव्हा सांगितलेलं कारण तांत्रिक होतं. खरं कारण बरंचसं हे होतं की दुसऱ्यांच्या बैठकीत जाऊन मंजुरीची वाट पाहायला कुणाला धीर नव्हता. फोटोच्या बाजूची प्रमुख प्रोग्रॅमर याच्याशी सहमत नाही. तिच्या मते दोन्ही आवृत्त्यांतल्या चुका दुसऱ्यांच्या नावावर करण्यापेक्षा आपल्या नावावर केल्या ते बरं झालं.

आणि पहिल्या आवृत्तीच्या फाइली. गणिताची नोंद नसलेल्या त्या फाइली लोकांच्या संगणकांत पडून आहेत, आणि नोंद नसेल तर वाकवलेले आकडे समजायचे, असा नियम केला. पण फोटोच्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या जुन्या फाइलींना तो लागू करून चालत नाही, त्या सरळ प्रकाशातल्या आहेत. म्हणून वाचकात एक ओळ आहे: नोंद नसेल तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती पाहा, आणि त्यावरून ठरवा. फॉरमॅटच्या दस्तऐवजात प्रोग्रॅमचं नाव येऊ द्यायचं नाही हा आमचा पहिल्या बैठकीतला पहिला ठराव होता. ती ओळ आता परिशिष्टात आहे, दोन्ही नावांसकट.